सकाळच्या पाठीची सायकल

‘अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस,’ डॉक्टरमॅडम म्हणाल्या, आणि खरं सांगते, मला हायसं वाटलं. इतकी वर्षं जो तो मला सांगत होता की तुला काही झालेलं नाही. आज पहिल्यांदा कुणीतरी सांगत होतं की झालंय.

शेजारच्या खुर्चीत बाबा होते. ‘म्हणजे ते मानेला पट्टा लावतात, तेच ना?’ त्यांनी विचारलं.

‘नाही काका, तो स्पॉन्डिलोसिस. वयानं झीज होते तो. हा वेगळा.’ मॅडमनी कागदावर कणा काढून दाखवला. शरीराची राखण करणारी यंत्रणाच चुकून सांध्यांवर उलटते. सुरुवात होते सॅक्रोइलियाक जॉइंटपासून, म्हणजे कंबरेखाली कणा आणि कुल्ल्याचं हाड जिथे जुळतं तिथून. तिथे सूज येते. दुर्लक्ष केलं तर पुढे मणके एकमेकांना चिकटत जातात आणि पाठ वाकलेली असेल तर तशीच राहते. ‘घरात कुणाला असा पाठीचा त्रास?’

‘छे! आमच्याकडे सगळे ठणठणीत,’ बाबा म्हणाले.

बाबांची सगळी नोकरी खडकीच्या दारूगोळा फॅक्टरीत, तपासणी विभागात गेली. त्यांच्या तोंडी दोनच निकाल, पास आणि रिजेक्ट. घरातल्या भाजीपासून माझ्या नवऱ्यापर्यंत सगळ्यांना त्यांनी तसंच तपासलंय. त्यांनी ‘ठणठणीत’ म्हटल्यावर मॅडम तरी काय विचारणार?

हे मी लिहितेय ते ज्यांची पाठ सकाळी लाकडासारखी होते आणि दुपारपर्यंत मोकळी होते त्यांच्यासाठी. विश्रांतीनं दुखणं वाढतं आणि हिंडल्या-फिरल्यावर कमी होतं, असं असेल तर कृपा करून ‘आयटीतल्या खुर्च्यांमुळे होतं’ असं म्हणून गप्प बसू नका. मी बसले. हिंजवडीला टेस्टर आहे, दिवसभर दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते, त्यामुळे खुर्चीवर खापर फोडणं सोपं होतं. गादी बदलून झाली, कंबरेचा पट्टा झाला. नागपूरची आत्या फोनवर जयभीम म्हणायच्या आधीच ‘डिंकाचे लाडू खाल्लेस का?’ म्हणायची. आधीच्या एका डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती सांगितली आणि सायकल बंद केली. मी माझी डोंगरात न्यायची सायकल मावसभावाला देऊन टाकली आणि आडवी झाले. त्यानं मी आणखी आखडले. पहाटे कूस बदलायला अमोलला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, उठवावं लागे.

तपासण्यांचं थोडक्यात सांगते. ईएसआर आणि सीआरपी या रक्ताच्या तपासण्या, शरीरात सूज किती आहे ते सांगतात. एचएलए बी-२७ हीही रक्ताचीच, पण ती एका जनुकाची खूण शोधते. ती असली म्हणजे आजार असतोच असं नाही, पण शंका बळावते. माझी पॉझिटिव्ह आली. मग एमआरआय. त्या नळकांड्यात हलायचं नाही अशी सूचना असते, आणि मला न हलण्याचीच तर भीती. बाहेर आल्यावर टेबलावरून उतरवायला दोन माणसं लागली.

संधिवाताच्या डॉक्टरांकडची वेटिंग रूम ओळखायची खूण सांगू? खुर्च्या रिकाम्या असतात आणि निम्मे पेशंट उभे असतात. बसलं की आखडतं. पहिल्या दिवशी मला वाटलं, किती ही सभ्य माणसं, एकमेकांना जागा देतायत! दुसऱ्या खेपेला मीही त्यांच्यात उभी होते.

गोळ्या सुरू झाल्या. त्या पुरेनात, तेव्हा बायोलॉजिक इंजेक्शन आलं. ते सूज वाढवणाऱ्या द्रव्यालाच अडवतं. त्याआधी छातीचा एक्स-रे आणि क्षयाची तपासणी करावी लागते, कारण दडून बसलेला क्षय या औषधानं डोकं वर काढू शकतो. शिवाय रोजचा व्यायाम. भिंतीला टाचा लावून डोकं मागे टेकवायचं. माझं टेकत नव्हतं. भिंत आणि डोक्यामध्ये तळहात जाईल एवढी जागा राहायची. त्या जागेचा मला इतका राग आला की काय सांगू! मी तिथेच ठरवलं, ही जागा मी वाढू देणार नाही.

‘मॅडम, मला डोंगरात सायकल चालवायचीय,’ मी म्हटलं. ‘चढायचं आणि उतरायचंसुद्धा. आधी चालवत होते तशी.’

त्यांनी माझ्या कण्याचा एक्स-रे पुन्हा दिव्यावर लावला. ‘मणके अजून चिकटलेले नाहीत. चालवा. या आजारात हालचाल हेच अर्धं औषध. पण तीन गोष्टी. पुढे वाकून ताणून चालवायची सायकल नको. कण्याला धक्के कमी बसू देत. आणि पडायचं नाही.’

‘रिजेक्ट,’ बाहेर पडताना बाबा म्हणाले. ‘घरात उभी राहते ती व्यायामाची सायकल घे. डोंगर कशाला? पडलीस तर कोण जबाबदार? मी रोज सायकलनं ड्युटीवर गेलो ते पोटासाठी. तू हौसेनं धक्के खाणार?’

‘घरातल्या सायकलवर मी आठ दिवसांनी कपडे वाळत घालीन, बाबा. मला माहितीये ना मी.’

खरंच माहिती होतं. जी सायकल मला पहाटे अंथरुणातून ओढून बाहेर काढेल तीच माझ्या कामाची. आणि घरात जागा एकाच सायकलीची. बिबवेवाडीतला आमचा फ्लॅट म्हणजे दार उघडलं की गॅलरी. चढाला एक, उताराला एक, हे लाड जमणारे नव्हते.

धक्के कमी म्हणजे फुल सस्पेन्शन, पुढच्या आणि मागच्या दोन्ही चाकांना दाबली जाणारी दांडी. पण त्यातही तऱ्हा असतात. एक हलकी, कमी दबणारी, चढावर पळणारी. दुसरी भरपूर दबणारी, जड, उतारावर दगडधोंडे गिळणारी. तिसरी दोन्हींच्या मधली. कर्वे रस्त्याच्या एका गल्लीत सायकलींचं जुनं दुकान आहे, तिथे या तिन्ही होत्या. दुकानाचे मालक काका काउंटरच्या मागे पेपर वाचत. गिऱ्हाईक आलं की पान उलटून होईपर्यंत वर बघायचे नाहीत.

मी ऑफिस सुटल्यावर संध्याकाळी गेले. दुकानामागून टेकडीकडे एक चढ जातो. तिथे तिन्ही चालवून पाहिल्या. हलकी तर अशी सुसाट गेली की मला रडू आलं. कित्येक महिन्यांनी मी चढावर उभी राहून पेडल मारत होते! ‘हीच,’ मी काकांना सांगितलं. त्यांनी तिच्यावर माझ्या नावाची चिठ्ठी लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पलंगाच्या कडेला बसले होते आणि अमोल माझ्या पायात मोजे चढवत होता. रोज चढवायचा. मला वाकता यायचं नाही. त्या दिवशी त्याच्या डोक्याकडे बघता बघता माझ्या लक्षात आलं आणि मी कपाळावर हात मारून घेतला.

‘अमोल, काल सायकल कुणी चालवली?’

‘तूच की.’

‘ती संध्याकाळची मी. टेकडीवर कधी जाणार? सकाळी. ऊन आणि ट्रॅफिक व्हायच्या आत. आणि सकाळी मी ही अशी असते!’

टेस्टर म्हणवते स्वतःला! ज्या अवस्थेत वस्तू वापरली जाणार त्याच अवस्थेत ती तपासायची, हे मी नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात शिकवते. आणि स्वतःची वेळ आल्यावर सगळ्यात चांगल्या तासाला तपासून मोकळी झाले. या आजारातली सगळी माणसं हेच करतात, हे मला पुढे वेटिंग रूममध्ये कळलं. घर बघायचं, गाडी घ्यायची, नोकरीच्या मुलाखतीला जायचं, सगळं आपण अंग मोकळं झाल्यावर ठरवतो. मग रोजची सकाळ उगवते.

मी दुकानात फोन केला. सकाळी साडेसहाला सायकल चालवून बघायचीय म्हटलं.

‘दुकान साडेदहाला उघडतं. दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय.’

‘साडेदहापर्यंत माझी पाठ बरी होते, काका.’

‘मग उत्तमच की.’

‘उत्तम नाही. मला ती बिघडलेली असतानाच यायचंय.’

मी आजाराचं नाव सांगितलं, मोज्यांचं सांगितलं. ‘साडेसहाला येणारं गिऱ्हाईक मी अजून पाहिलेलं नाही,’ ते शेवटी म्हणाले. ‘मग आता बघा,’ मी म्हटलं. त्यांनी फोन आपटला. मला वाटलं, संपलं.

तरी दुसऱ्या दिवशी साडेसहाला गेलो, तर शटर उघडं होतं. काका स्वेटर-कानटोपी घालून बाहेर उभे. अमोलच्या आधारानं मी गाडीतून उतरले आणि चिठ्ठी लावलेल्या सायकलीपाशी गेले. पाय उचलला. तो सीटवरून पलीकडे जाईचना. पुन्हा उचलला. कंबरेत कळ आली आणि मी सायकलीसकट अमोलच्या अंगावर. मग पाय टाकता यावा म्हणून काकांनी ती धरून आडवी केली. कसंबसं बसल्यावर हँडल इतकं खाली की समोर बघायला मान वर करता येईना. रस्ता सोडून मला फक्त माझं पुढचं चाक दिसत होतं.

मग जड. तिला हँडलजवळ एक खटका होता. तो दाबून बसलं की सीट खाली जाते. उतारावर अंग मागे न्यायला सोपं जावं म्हणून ही सोय. ती खाली केल्यावर पाय सहज पलीकडे गेला! पण चढावर प्रत्येक पेडलला सायकल खाली बसायची, निम्मी ताकद तिथेच जिरायची. या आजारात बरगड्याही आखडतात, छाती पुरती फुगत नाही. अर्ध्यात मला धाप लागली आणि उतरून ढकलावी लागली.

तिसरी मधली. हँडल उंच, त्यामुळे पाठ उभी राहिली. सीटचा खटका हिलाही होता. मागच्या सस्पेन्शनला एक कळ होती, ती फिरवली की चढावर ते जवळजवळ घट्ट होतं, माथ्यावर परत मोकळं करायचं. हळू गेले. हलकीपेक्षा पुष्कळच हळू. पण उतरले नाही, आणि खाली येताना पाठीत एकही कळ आली नाही. काकांनी माझं वजन विचारून पंपानं तिच्या सस्पेन्शनमध्ये हवा भरली, मी बसल्यावर ती किती दबते ते पाहिलं, पुन्हा थोडी सोडली.

‘चहा घ्या,’ ते म्हणाले. ‘दुकान अजून उघडलेलं नाही. म्हणजे तुम्ही गिऱ्हाईक नाही, पाहुण्या आहात.’

पुढचे काही आठवडे मी सपाट रस्त्यावर सराव केला, आणि मग एका रविवारी टेकडीवर जायचं ठरलं. बाबांना सांगायचं नव्हतं, पण अमोलच्या पोटात काही राहत नाही. पायथ्याशी पोचलो तर बाबा आधीच हजर, हातात थर्मास. ‘मी फक्त बघायला आलोय,’ ते म्हणाले. मॉर्निंग वॉकवाल्या लोकांत तेही फेऱ्या मारत होते, दोन्ही हात कंबरेवर, मान पुढे. लहानपणापासून मी त्यांना असंच पाहिलंय. क्वार्टरच्या व्हरांड्यात, फॅक्टरीचा भोंगा व्हायच्या कितीतरी आधी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आई म्हणायची, बघा, याला म्हणतात शिस्त.

सीट खाली, पाय पलीकडे, सीट वर. निघाले. चढ मी बसूनच काढला. दोनदा थांबले, पण ढकलली नाही. माथ्यावर मात्र मी ब्रेक दाबून थांबले. खाली दगडांचा एक टप्पा आहे. तिथे पडले असते तर मॅडमचं ऐकलं नाही, बाबांचं ऐकलं नाही, आणि नंतर कुणी मला सायकलला हात लावू दिला नसता. मीही लावला नसता. म्हटलं, बाई गं, तू इथून चालत उतरलीस तर आयुष्यभर चालतच उतरशील. सस्पेन्शनची कळ मोकळी केली, सीट खाली दाबली, ब्रेकवर एकेक बोट ठेवलं आणि सोडली. दगड चाकाखाली आले. सायकल दबली, उठली, दबली. मी ओरडत होते, भीतीनं की आनंदानं ते मलाही माहीत नाही.

खाली बाबा हलले नव्हते. थर्मासचं झाकण त्यांच्या हातात तसंच. मी सीट खाली करून एका पायावर अलगद उतरले. ते निकाल देतील म्हणून मी वाट बघत होते.

‘ही सीट अशी खाली जाते?’ त्यांनी विचारलं. ‘बघू दे.’

‘तुम्ही?’

त्यांनी थर्मास अमोलकडे दिला. पाय पलीकडे टाकला, आणि पायथ्याच्या सपाट मैदानात एक सावकाश फेरी मारली. बाबांना सायकलवर मी किती वर्षांनी पाहत होते! रिटायर व्हायच्या बऱ्याच आधी त्यांनी सायकल सोडून बस धरली होती. वय झालं असं आम्ही समजलो होतो.

फेरी संपवून ते उतरले. माझ्याकडे न बघता हँडलवरचा खटका दोनदा दाबून पाहिला.

‘पाय पलीकडे जाईना म्हणून सोडली मी,’ ते म्हणाले. ‘पहाटे उठून फेऱ्या घालायचो ना, तेव्हा कुठे ड्युटीपुरता सरळ व्हायचो. म्हटलं, सगळ्यांचंच असं असेल.’

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. माझी पाठ सकाळी लागते तशीच ती हाताला लागली.

तुम्ही हे वाचत असाल आणि घरात कुणी रोज पहाटे विनाकारण फेऱ्या घालत असेल, तर त्यांना एकदा विचारा. मॅडमचे, काकांचे, रोज मोजे चढवणाऱ्या अमोलचे उपकार आहेतच. पण त्या दिवशी बाबा बोलले, त्याचं मोल मला सगळ्यात जास्त वाटतं.

चहा पिऊन झाल्यावर ते म्हणाले, ‘तुझ्या मॅडमची वेळ घे माझ्यासाठी. आणि सकाळची घे. संध्याकाळी मी पास होईन.’