वंदनाचा पेन ड्राइव्ह

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. दोनदा अगदी ओठांवर आलं होतं, दोन्ही वेळा मी चहा मागितला आणि विषय बदलला. तुम्हाला का सांगतोय? ते मलाही नीट कळत नाही. एवढंच कळतं, की भीती अजून गेलेली नाही. स्टुडिओसमोर गाडी थांबली तरी मी आधी काचेतून कोण आलंय ते बघतो.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पोंभुर्ण्यात माझा फोटो स्टुडिओ आहे. आमच्याकडे लग्नं उन्हाळ्यात लागतात आणि अल्बम लोक धान निघाल्यावर नेतात. तोवर फोटो माझ्या कॉम्प्युटरवर. कॅमेऱ्यातलं कार्ड पुढच्या लग्नासाठी पुसावंच लागतं. म्हणजे एखाद्या घरचं अख्खं लग्न काही महिने फक्त माझ्या भरवशावर असतं — हे मला ठाऊक नव्हतं असं कोणत्या तोंडानं म्हणू?

वंदनाचं लग्न असंच माझ्याकडे होतं. पावसाळ्यात तिचे वडील तापानं गेले. फोटो म्हटला की पाठ फिरवणारा माणूस. पोरीच्या लग्नात मात्र फेटा बांधून कॅमेऱ्यासमोर उभा राहिला आणि चक्क हसला. पाहुण्यांच्या मोबाइलमध्ये तो कुठे पाठमोरा, कुठे अर्धा. नीट चेहरा होता तो फक्त माझ्याकडे. वंदनाला चंद्रपुरात मोठी फ्रेम करायची होती. बाबाचा फोटो यात टाकून ठेवा म्हणाली आणि पेन ड्राइव्ह देऊन गेली. नवा, कोरा. मी लावून पाहिला होता — आत काहीही नव्हतं.

फोटो तसाच द्यायचा ना? पण मला हुशारी सुचली. त्याला छान हाराची चौकट करून द्यावी. तसल्या डिझाइनचं विकतचं सॉफ्टवेअर मी कुठल्याशा साइटवरून फुकट उतरवलं. त्यात सूचना होती — आधी अँटिव्हायरस बंद करा. चोरानं दाराशी येऊन कडी काढायला सांगावी आणि आपण काढावी, तसा मी तो बंद केला. पहिल्यांदा नव्हे. आमच्या धंद्यात हे सर्रास चालतं, आणि मी त्यात मागे नव्हतो.

थोड्या वेळानं एकही फोटो उघडेना. प्रत्येक फाइलच्या नावाला एक विचित्र शेपूट लागलेलं. पडद्यावर इंग्रजीत चिठ्ठी — तुमच्या फाइलींना कुलूप लावलंय, चावी हवी तर पैसे भरा. तेव्हाच नेटची तार उपटायची असते, दुसरं काहीही जोडायचं नसतं. मी काय केलं? घाबरून बॅकअपची हार्ड डिस्क लावली, निदान तिथले फोटो धड आहेत का बघायला. माझ्या डोळ्यांदेखत तिथल्या नावांनाही शेपटं फुटत गेली.

चंद्रपूरच्या एका ओळखीच्या मेकॅनिकला फोन केला. तो म्हणाला, "पैसे भरू नको भाऊ, चावी भेटनच याचा भरोसा नाई. व्हायरस तं निघते, विंडोज नव्यानं टाकलं का झालं. पन कुलूप लागलेले फोटो पुसू नको. येगळ्या डिस्कवर ठेव. कधी कधी चावी मांगून, काही महिन्यानं, फुकटात भेटते."

दुसऱ्या दिवशी वंदना आईला घेऊन आली. पेन ड्राइव्ह अजून कॉम्प्युटरलाच लावलेला होता. माझी नजर त्यावर पडली आणि — मी म्हणालो, तुझ्या पेन ड्राइव्हमधून व्हायरस आला, सगळे फोटो गेले.

तिनं तो काढून तळहातावर घेतला. "म्हंजे माहे बाबा माह्याच हातानं गेले का?"

मी मान हलवली. होय अशी.

जाताना ती म्हणाली, नवऱ्याच्या ओळखीचा एकजण कॉम्प्युटरचं काम करतो, उद्या येऊन बघून जाईल. तो बघेल, आणि त्याला ते फुकट उतरवलेलं सॉफ्टवेअर दिसेल, बंद केलेला अँटिव्हायरस दिसेल. मग तालुक्यात कोण मला लग्नाला बोलावणार? मी शटर ओढलं. कॉम्प्युटर पुसला, डिस्कही पुसली. कुलूप लागलेला एकही फोटो मागे ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी तो माणूस आला तेव्हा सांगितलं, व्हायरस पसरू नये म्हणून फॉरमॅट करावं लागलं. बरोबर केलं, म्हणाला तो. व्हायरस खरंच गेला होता.

पुढे कधीतरी नेटवर वाचलं, त्या जातीच्या व्हायरसची चावी निघाली. फुकट. शेपटाची अक्षरं मी विसरलो नव्हतो. तीच होती. उघडायला मात्र माझ्याकडे काही उरलं नव्हतं, आणि वाचता वाचता मला सुटका झाल्यासारखं वाटलं — आता कुणी विचारलं तरी पकडला जाणार नाही. हे सगळ्यात वाईट.

परवा, इतक्या वर्षांनी, वंदना आली होती, लेकीचा शाळेसाठी फोटो छापून घ्यायला. फोटो तिच्या मोबाइलमध्ये होता. केबल पुढे केली, तर तिनं फोन मागे घेतला.

"लावला तं काई होनार तं नाई ना भाऊ? मांगच्यासारखं? कोनाकोनाचे फोटो असतीन तुमच्या कॉम्प्युटरात."

"थांब," मी म्हणालो, "आधी तपासून घेतो." आणि तिच्यासमोर अँटिव्हायरस चालवला. तो संपेपर्यंत ती लेकीला घेऊन दाराबाहेर उभी राहिली.