बेबीताईंचं टार्गेट

भिवंडीजवळच्या राहनाळमधल्या आमच्या गोदामात डब्याला अर्धा तास मिळतो. वीस मिनिटं जेवायचं आणि दहा मिनिटं हसायचं. या दहा-दहा मिनिटांचे इतके किस्से साठलेत की घरी सांगायला बसले की पोरं विचारतात, "आई, तू कामाला जातेस की लग्नाला?" खरं तर मिस्टरांचा कापड विणायच्या लूमचा कारखाना बंद पडला म्हणून मी इथे पॅकिंगला लागले. पहिल्या दिवशी रडतच आले होते. पण या बायका भेटल्या नसत्या तर माझं काय झालं असतं, देव जाणे.

* * *

पहिला मान बेबीताईंचा. पन्नाशीच्या, राहनाळच्याच. आमचं गोदाम उभं आहे ती जमीन एके काळी त्यांच्या सासऱ्यांची. ती विकली, पैसा पाच भावांत वाटला गेला, आजारपणात आणि लग्नांत संपला, आणि ताई त्याच जागेवर कंत्राटी कामाला लागल्या.

एकदा त्या कार्ड घरी विसरल्या. गेटवरचा नवा वॉचमन काही केल्या आत सोडेना. ताई शांतपणे म्हणाल्या, "बाबा, जमीन घेतली तवा कुणी कार्ड मागितलं न्हाय."

त्याने गेट उघडलं. तेव्हापासून तो त्यांना नमस्कार करतो.

* * *

शबाना भिवंडीतली. तिच्या वडिलांचे आठ लूम होते, सगळे भंगारात गेले. एकदा चादरींचा माल आला. शबानाने कापड दोन बोटांत चोळलं आणि सुपरवायझरला सांगितलं, "साहेब, वर कॉटन लिहिलंय, आत पॉलिस्टर आहे."

"तुला कसं कळलं?"

"पाळण्यात असताना लूम थांबला की मी रडायचे, साहेब. आम्ही यातच वाढलो."

तपासलं तर तिचंच खरं निघालं. आता कापड आलं की आधी शबानाला ऑफिसात बोलावतात. पगार मात्र पॅकिंगचाच. ती म्हणते, "जाऊ दे गं, तेवढी पाच मिनिटं एसी मिळतो."

* * *

मध्यंतरी आठवडाभर आम्ही खुर्च्या पॅक केल्या. पाठीला आराम देणाऱ्या, गोल फिरणाऱ्या. आमच्या ओळीत बसायला स्टूलसुद्धा नाही. मुंबईहून कंपनीच्या एक मॅडम बघायला आल्या आणि कौतुकाने विचारू लागल्या, "कशी वाटते खुर्ची?"

शबाना म्हणाली, "उभं राहून तरी छान वाटते, मॅडम."

मॅडम भल्या. दुसऱ्या आठवड्यात चार स्टुलं आली. बायका आम्ही अकरा, म्हणून पाळीपाळीने बसतो. पण आली, हे महत्त्वाचं.

* * *

आता जरा जिवाला लागलेली गोष्ट. आमच्याकडे स्कॅनरमध्ये आपला नंबर टाकायचा आणि पार्सलं स्कॅन करायची. जेवढी होतील तेवढी त्या नंबरवर चढतात. महिन्याचं टार्गेट चुकलं की कार्ड बंद, दुसऱ्या दिवसापासून यायचं नाही.

दिवाळीच्या गर्दीत बेबीताईंचा उजवा खांदा धरला. हात छातीच्या वर जाईना. घरात मिळवणाऱ्या त्या एकट्याच. काम गेलं असतं तर या वयात दुसरं कोण देणार?

मी नवीन असताना माझा हात बसला नव्हता. तेव्हा ताई स्वतःची भरलेली खोकी गुपचूप माझ्या टेबलावर सरकवायच्या. ते मी कसं विसरणार? माझं काम उरकलं की मी ताईंचा नंबर टाकून रोज वीस-पंचवीस पार्सलं करू लागले. कुणाला बोलले नाही, शबानालासुद्धा नाही.

* * *

महिनाअखेरीला मोठे साहेब आले. माईक लावला, सगळ्यांना समोर ओळीत उभं केलं. "या महिन्यात सगळ्यात जास्त पार्सलं कुणी केली? बेबीताईंनी!"

मी दचकून शबानाकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. तिच्या पलीकडची लता छताचा पंखा बघत होती. ओळीतली एकही बाई दुसरीकडे बघेना. प्रत्येकीने आपापलं गुपचूप केलं होतं. असं भरून आलं मला, काय सांगू.

तेवढ्यात साहेब म्हणाले, "पन्नाशीच्या बाईला जमतं, तर सगळ्यांना जमेल. उद्यापासून प्रत्येकीला हेच टार्गेट."

आमचे चेहरे पडले. ताईंना वाचवायला गेलो आणि अकराही जणी अडकलो. साहेबांनी हसत ताईंच्या हातात माईक दिला. "सांगा, कसं केलंत?"

ताईंनी तो डाव्या हाताने धरला. "साहेब, यवढं काम एकल्या बाईच्यानं व्हत न्हाय. टार्गेट वाढवू नका."

"अहो, पण तुम्ही केलंत ना?"

ताईंनी आमच्या सगळ्या ओळीवरून नजर फिरवली.

"मी एकली कुठं हाय, साहेब?"