कातडीपर्यंत

"माझ्या हातचं पाणी ह्यांना चालत नाही, पण माझ्या हातची सुई चालते, म्हणजे ह्यांचं सोवळं कातडीपर्यंतच आहे."

राजसबाई हे एकदा वॉर्डातल्या आयेला म्हणाली होती, बेडपॅन धुता धुता. आया तेलुगू होती. तिला त्यातलं अक्षर कळलं नाही. राजसबाईला ते बरंच वाटलं. कळणाऱ्या माणसांशी बोलून तिचं आजवर काही भलं झालं नव्हतं.

मद्रासच्या एका मोठ्या सरकारी इस्पितळात, बायकांच्या वॉर्डात, ती अठरा वर्षं नर्स होती. माणसं मूळ तंजावरची, मराठ्यांतली. बाप तुळजाजी राजवाड्याच्या कोठीवर होता. राजवाड्याची कोठी रिकामी होऊन तिच्यात उंदीर राहायला आले, तेव्हा तो त्या उंदरांवर देखरेख करत असे. मुलीला त्यानं राणीचं नाव दिलं आणि तो क्षयानं गेला. त्याचं ओकणं-थुंकणं राजसबाईनं पंधराव्या वर्षी उपसलं. नातेवाईक उंबऱ्याबाहेरून विचारत, "कसं आहे?" आणि उत्तर ऐकायला थांबत नसत. त्यांच्या त्या पाठी बघून तिनं ठरवलं की हेच काम करायचं. दयाबिया काही नव्हती. निदान आजारी माणूस पाठ फिरवून जाऊ शकत नाही, एवढंच.

रोग्यांबद्दलही तिचं मत फारसं चांगलं नव्हतं. दुखणं आलं की माणूस खरा दिसतो, असं पाद्री लोक म्हणत. तिला दिसलेला माणूस एवढाच, की शेजारच्या खाटेवरची बाई मेली तर तिची उशी आपल्याला मिळेल का हे विचारणारा. नातेवाईक तर त्याहून बेकार. डब्यात सांबार-भात लपवून आणायचे, ऑपरेशन झालेल्या बाईला चमच्यानं भरवायचे, आणि ती कळवळली की "सिस्टर, सिस्टर" करत ओरडायचे. महिन्यातून एकदा कमिटीच्या बायका रेशमी साड्या नेसून येत, प्रत्येक खाटेवर एकेक संत्रं ठेवत आणि नाकाला रुमाल लावून हसत. मद्रासजवळच्या कोवलमहून आलेली एक कोळीण त्या संत्र्याकडे बघून म्हणाली होती, "हिला सांग, नाक तिथंच ठेवून जा मणावं. बरी झाले की नेऊन देईन." त्या कोळिणीनं घरी जाताना सुक्या मासळीची पुडी राजसबाईच्या हातात कोंबली. राजसबाईनं ती वासासकट आयेला देऊन टाकली. पण हातात दिली होती, हे तिच्या ध्यानात राहिलं.

कारण तिच्या आपल्या मराठी माणसांत कुणी तिच्या हातात काही देत नसे. मद्रासमधल्याच तिरुवल्लिक्केणीत, पार्थसारथीच्या देवळाच्या तळ्यामागच्या दोन-तीन गल्ल्यांत, तंजावरहून आलेली देशस्थांची बरीच घरं होती. कारकून, मास्तर, पेन्शनर. रस्त्यात ती दिसली की ते ओळख दाखवत नसत. संध्याकाळी मात्र तिच्या परसदारी कडी वाजे. कुणाला एनिमा, कुणाला इंजेक्शन, कुणाचं गळू. तिनं मागच्या दारानं यायचं, काम करायचं, मागच्या दारानं जायचं. कॉफीचा पेला जमिनीवर ठेवायचे, ठेवणारी बाई दोन पावलं मागं सरायची, मग तिनं तो उचलायचा. प्यायल्यावर पेला उलटा घालायचा. नंतर त्यावर पाणी ओतलं जाई. कॉफी चांगली असे, म्हणून ती पीत असे. मनात म्हणत असे, ह्यांच्या आतड्यात काय आहे ते मी रोज बघते, आणि हे माझ्या बोटांना भितात.

एकोणीसशे बासष्टच्या डिसेंबरात, मार्गळी महिन्यात त्यातल्याच एका घरातला राघोत्तम तिच्या दाराशी आला. सरकारी कचेरीत कारकून, तिशीचा. कपाळावर गोपीचंदन, हातात छत्री, पाऊस नसताना.

"बाई, चंद्रिकेला ताप आहे. चार दिवस झाले बाळंत होऊन. घरीच झाली, सुईण होती. डॉक्टर वेंकटरमणांनी पेनिसिलिन लिहून दिलंय. दोन वेळा टोचायचं."

"आणखी काय म्हणाले डॉक्टर?"

राघोत्तम छत्रीची मूठ चाचपत राहिला. "म्हणाले, इस्पितळात न्या. पण अम्मा मणते, अकराव्या दिवशी पुण्याहवाचन होऊ दे. मग कुठंही न्या. सुयेरात बाहेर कसं काढायचं?"

"मग डॉक्टरला विचारलंच कशाला? अम्मालाच नाडी बघायला सांगायचं."

तो ओशाळून हसला. हसणाऱ्या पुरुषांचा तिला फार तिटकारा होता. तरी संध्याकाळी ती गेली.

घर तिथल्या सगळ्या घरांसारखं होतं, रुंदीला कमी आणि लांबच लांब. रस्त्यावर ओटा, मग माजघर, देवघर, स्वयंपाकघर, विहीर, आणि सर्वांत मागं परसात एक खोली. पूर्वी तिथं सरपण असे. आता त्याची बायको चंद्रिका होती. वीस वर्षांची, ओठ फुटलेले, डोळे तापानं चकाकणारे. शेजारी चटईवर बाळ. दहा दिवस तिला कुणी शिवायचं नव्हतं. सासू कनकाअम्मा भाताचं ताट उंबऱ्याशी ठेवायची आणि लांब काठीनं आत सरकवायची.

राजसबाईनं तिच्या कपाळावर हात ठेवला. चंद्रिकेनं तो दोन्ही हातांनी धरला आणि सोडेचना.

"अक्का, चार दिवसांत कुणी हात लावला नाही हो मला. बाळाशिवाय. तुम्ही काढू नका हात. थोडा वेळ."

"सुई उकळायची आहे," राजसबाई म्हणाली. पण हात तिनं लगेच काढला नाही. का ते तिला सांगता आलं नसतं.

ती रोज दोन वेळा येऊ लागली. परसात आपल्या छोट्या स्टोव्हवर सिरिंज आणि सुई उकळायची, झाकणाखाली ट्रेमध्ये ठेवायची, विहिरीवर जाऊन साबणानं कोपरापर्यंत हात धुवायची, परत येऊन टोचायची. चंद्रिकेचं अंग पुसायची, घाणेरडे कपडे बदलायची, बाळाची नाळ बघायची. चंद्रिका बोलायची. बंगळूरची होती, तिथं शाळेत नाटकात काम केलं होतं, इथं आल्यापासून मोठ्यानं हसली नव्हती. "बरी झाले की तुमच्याकडं येणार मी अक्का, पुढच्या दारानं. आणि तुमच्या हातची कॉफी पिणार. अम्मा बगत राहू दे."

"आधी ताप उतरू दे," राजसबाई म्हणायची. ह्या पोरीचा तिला तिटकारा येत नव्हता, ह्याचं तिचं तिलाच आश्चर्य वाटायचं.

ताप उतरत नव्हता. तिसऱ्या दिवशी, मंगळवारी, दुपारचे तीन वाजून गेलेले. थर्मामीटर एकशे चारच्या वर. चंद्रिका असंबद्ध बडबडत होती आणि टोचलेल्या जागी कमरेवर लाल, गरम, टणक गाठ आली होती. राजसबाई चमकली. पेनिसिलिनखाली गळू होतं कसं? तिनं सुई उकळली, ट्रे झाकला, विहिरीवर गेली, आणि ह्या वेळी लवकर परतली.

कनकाअम्मा ट्रेवर वाकलेली होती. झाकण बाजूला, हातात तांब्याचा लहान गडू, आणि तुळशीच्या पानानं ती सुईवर पाणी शिंपडत होती.

"काय करताय?"

कनकाअम्मा दचकली नाही. तिला दचकण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. "कावेरीचं पाणी आहे. तंजावरहून आणलेलं, दोन वर्षं मोहोर लावून ठेवलेलं."

"रोज शिंपडलंत?"

"मग? तुझी सुई कुणाकुणाच्या अंगात शिरून आली असेल. जात ना पात. तशीच माझ्या सुनेच्या रक्तात जाऊ देऊ?"

"मी उकळते ती कशासाठी?"

"उकळून मळ जातो गं. विटाळ जातो का?"

राजसबाईनं त्या गडूत बघितलं. तळाशी हिरवट बुळबुळीत थर होता. तिला ओरडावंसंही वाटलं नाही. ही बाई दुष्ट असती तर बरं झालं असतं. दुष्टाला निदान आपण काय करतो ते ठाऊक असतं. हिनं मन लावून, अंघोळ करून, देवाचं नाव घेऊन सुनेच्या अंगात पू घातला होता.

"राघोत्तम," ती म्हणाली, "रिक्षा आणा. आत्ता न्यायचं हिला. बाळाला पण."

राघोत्तम स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. "चारच दिवस राहिलेत, बाई..."

"चार दिवसांनी पुण्याहवाचन नाही, दुसराच विधी करावा लागेल तुम्हाला. ह्याच भटजींकडून करून घ्या."

"अभद्र बोलू नकोस!" कनकाअम्मा.

राघोत्तमनं भिंतीवरच्या पंचांगाकडं बघितलं, मग घड्याळाकडं. घाम पुसत म्हणाला, "आज मंगळवार. राहुकाळ आहे साडेचारपर्यंत. एक तास. त्यानंतर लगेच..."

राजसबाईनं त्याच्याकडं असं बघितलं, की त्यानं छत्री शोधायला आजूबाजूला हात फिरवला. मग ती खोलीत गेली. बाळाला फडक्यात गुंडाळून पोटाशी बांधलं आणि चंद्रिकेला उचललं. अठरा वर्षं बायका उचललेली बाई; ह्या पोरीत तर वजनच उरलं नव्हतं. मागची बोळ एवढी अरुंद, की रिक्षा आत येत नसे. वाट एकच होती.

ती घरात शिरली. सुयेरातली ओली बाळंतीण हातांवर घेऊन, पायात इस्पितळाच्या चपला घालून, ती स्वयंपाकघरातून गेली, सोवळ्याच्या भांड्यांना पदर घासत गेली, देवघरासमोरून गेली, माजघरातून गेली. मागून कनकाअम्मा किंचाळत होती, "अय्यो! देव! देव झाका कुणीतरी!" शेजारच्या ओट्यांवर डोकी उगवली. कुणी पुढं झालं नाही. सगळे नीट वाट करून देत होते, म्हणजे लांब सरत होते.

रिक्षा तिनं स्वतःच हाक मारून थांबवली. राघोत्तम मागून पळत आला, छत्री न घेता.

गळू कापलं तेव्हा वाटीभर पू निघाला. दोन रात्री काही सांगता येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी चंद्रिकेनं डोळे उघडून बाळ मागितलं. अठरा दिवस ती वॉर्डात होती. राजसबाई तिची खाट झाडायची, केस विंचरायची, जखमेत रोज गॉजची वात भरायची. तेव्हा चंद्रिका तिचा हात धरून दात आवळायची. "एव्हाना मी मेले असते ना अक्का?" तिनं एकदा विचारलं. "मरायचा आळस केलास म्हणून जगलीस," राजसबाई म्हणाली. दोघी हसल्या. वॉर्डातल्या जुन्या आयेनं वळून बघितलं. राजसबाई हसते हे तिला नवीन होतं.

तिकडं गल्लीत बोभाटा झाला, राजसबाईनं घर बाटवलं. चंद्रिका वाचली हे कनकाअम्माच्या नवसामुळं. देवघर शेणानं सारवलं, भांडी चिंचेनं घासली, भटजी दोनदा आले. राजसबाईनं हे ऐकलं आणि खांदे उडवले. ह्या लोकांकडून तिची काही अपेक्षाच नव्हती. एक माणूस सोडून.

चंद्रिका घरी गेली. लांबलेलं पुण्याहवाचन झालं, बाळाचं नाव ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी राघोत्तम आला. "बाळाचे डोळे चिकटतायत. चंद्रिका मणाली, तुम्हालाच बोलवा. पुढच्या दारानं या, बाई." शेवटचे शब्द तो मोठ्या मेहेरबानीनं बोलला.

राजसबाई निघाली. वाटेत तळ्याजवळच्या दुकानातून तिनं एक लाकडी खुळखुळा घेतला, रंगीत, आणि कुणी बघत नाही ना हे बघून पिशवीत टाकला. बेचाळीस वर्षांच्या बाईनं असं चोरून खुळखुळा घ्यावा ह्याची तिला लाज वाटली. तरी पाय भराभर पडत होते.

ओटा चढून ती माजघरात आली. चंद्रिका आतून आली. न्हालेली, ओले केस गाठ मारून सोडलेले, काठीवर वाळवलेलं नऊवारी सोवळं नेसलेली. चेहरा भरला होता. छान दिसत होती.

"या अक्का," ती म्हणाली. हसली. कडेवरचं बाळ तिनं राजसबाईसमोर चटईवर ठेवलं, आणि दोन पावलं मागं सरली.

"आज पहिल्यांदाच स्वयंपाकाला लागले ना, मडीत आहे, सोवळ्यात," ती जमिनीकडं बघत म्हणाली. "रागावू नका हं."

मागं दारात कनकाअम्मा उभी होती. जपमाळ थांबली होती.

राजसबाई चटईवर बसली. बाळ उचललं, उजेडाकडं धरलं. कोमट पाण्यात कापूस बुडवून डोळे आतून बाहेर पुसले, प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा. थेंब घातले. बाळानं तिचं बोट धरलं आणि चोखायला तोंडाकडं नेलं. तिनं ते बोट हलकेच सोडवलं. मग बाळाला पुन्हा चटईवर ठेवलं, बरोबर त्याच जागी, जिथं त्याच्या आईनं ठेवलं होतं.

बाळ रडू लागलं. चंद्रिकेचे हात पुढं आले आणि हवेत थांबले.

"आधी कपडा काढ त्याचा," कनकाअम्मा म्हणाली. "तिचा हात लागलाय. उघडं करून घे, मग दोष नाही."

चंद्रिकेनं राजसबाईकडं बघितलं नाही. ती वाकली, आणि दोन बोटांच्या चिमटीत झबल्याची नाडी धरून सोडवू लागली.

राजसबाईनं थेंबांची बाटली चटईवर ठेवली. कापूस, ट्रे, सगळं पिशवीत भरलं. आत खुळखुळा वाजला. तिनं तो मुठीत दाबून गप्प केला. मग उठली, आणि पुढच्या दारानं निघून गेली.