निळा संत्रा

माझ्या धाकट्या दिराने अकोल्यात बंगला बांधला, तेव्हा देवाला कोपरा दिला आणि बारला अख्खी भिंत. एकदा गोव्याला जाऊन आल्यापासून आणि फोनवर कॉकटेलचे व्हिडिओ पाहायला लागल्यापासून तो स्वतःला या विषयातला दर्दी समजतो. मोर्शीला आमची घरची संत्र्याची बाग आहे. तिथे पाणी तोडून झाडांना ताण कधी द्यायचा आणि पुन्हा पाणी कधी सोडायचं, हे अजूनही तो माझ्या नवऱ्याला विचारतो. पण बाटल्यांचा विषय निघाला की आम्ही सगळे अडाणी.

वास्तुपूजनानंतरच्या रविवारी दुपारी त्याने जेवायला बोलावलं. मला अमरावतीहून तेवढ्यासाठी जायचं नव्हतं. नवऱ्याने दारू सोडून बरीच वर्षं झाली होती, आणि सोडण्याआधीची वर्षं मी कशी काढली ते मलाच ठाऊक. दर शनिवारी ते दारू सोडलेल्यांच्या सभेला जातात. तिथे उभं राहून किती वर्षं झाली ते सांगतात आणि घरी आल्यावर दोन पोळ्या जास्त खातात. आमचा संसार त्या शनिवारवर उभा आहे. दिराला हे सगळं माहीत होतं.

काउंटरमागे तो एप्रन बांधून उभा होता. जन्मात कधी चहाचं आधण ठेवलं नाही त्याने. आधी संपलं ते संत्र्याचं लिकर, म्हणजे सालीच्या स्वादाची गोड दारू, जी दुसऱ्या दारूत घालतात. गडी जराही डगमगला नाही. "त्याच्या जागी हे चालते," म्हणत त्याने एक निळी बाटली उपडी केली. तेही संत्र्याचंच म्हणे, फक्त निळं. आमच्या बागेत संत्रा निळा पडला तर ती बुरशी असते, तो वेचून लांब फेकावा लागतो. इथे चारचौघांनी त्याचे फोटो काढले.

मग कॉफीचं लिकर संपलं. त्याच्या जागी याने सायीचं लिकर ओतलं आणि हाताला लागलेल्या सवयीने वर लिंबू पिळलं. ग्लासात गुठळ्याच गुठळ्या. लिंबाने साय फाटते हे ज्याला पन्नाशीत कळत नाही, त्याच्या हाती लोकांनी आपली पोटं दिली होती.

"भाऊजी, फाटलं ते," मी म्हटलं.

"फाटलं नाई वयनी, त्याले टेक्श्चर म्हंतात."

त्याच्या साडूने तो गाळ चमच्याने खाल्ला आणि वर "मस्त" म्हणाला. अशा माणसांपुढे काय बोलायचं!

माझ्या नवऱ्याने फक्त लिंबू-सोडा मागितला. पण साधं काही देईल तर तो दीर कसला. मुलांसाठी निळं सरबत आणलं होतं, तेच सोड्यात घालून देतो म्हणाला. मी त्या बाटलीवरची बारीक अक्षरंसुद्धा वाचून घेतली. त्यात दारू नव्हती. मी निर्धास्त झाले आणि जावेला ताटं वाढू लागायला आत गेले.

बाहेर आले तेव्हा नवऱ्याच्या हातात निळा ग्लास होता, वरून जरासा रिकामा. ओठांपासून थोडा दूर धरलेला, पण खालीही ठेवलेला नाही. तो चेहरा मी पूर्वी पाहिलेला होता.

"काय टाकलं यात?" मी दिराला विचारलं.

"सरबत पोरायनं संपवलं ना. मंग त्याच्या जागी लिकर टाकलं. रंग तोच, संत्रा तोच. काहून घाबरून राहिल्या? ते काई दारू नाई वयनी, बाया पेतात ते."

मी ग्लास हिसकावला आणि बेसिनमध्ये ओतला. त्यानंतर मी काय काय बोलले ते लिहिण्याजोगं नाही. तो मात्र हसत होता. "एका घोटानं काय होते?" म्हणाला. माझ्या नवऱ्याला रस्त्यावरून उचलून आणायला पूर्वी हाच माझ्याबरोबर यायचा.

गाडी मीच चालवली. मूर्तिजापूर मागे पडलं तेव्हा नवरा बोलला.

"गोड होतं वं," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने पुन्हा, "लय गोड होतं."

मला रस्ता नीट दिसेना. इतकी भीती मला ते रोज पीत होते तेव्हाही वाटली नव्हती.

घरी पोचले तर दिराचा मेसेज आलेला. राग मानू नका, पुढच्या वेळी ओरिजिनलच आणून ठेवतो. त्या माणसाला वाटत होतं, मी चवीवरून भांडले.

आठवडाभर मी नवऱ्याला समजावत राहिले, की तुम्ही मुद्दाम घेतली नाही, ती वर्षांच्या हिशेबात धरू नका.

"पाजली कोनं, हे पोटाले समजत नाई," एवढंच ते म्हणाले. शनिवारी मलाही बरोबर चल म्हणाले.

सभेत ते नेहमी पुढे बसतात. त्या दिवशी मागे, नवख्यांमध्ये बसले. पाळी आली तसे उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माझा हा पयला आठवडा हाय."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तशी तिथली रीतच आहे. माझे हात उचलले गेले नाहीत. मला माझी सगळी वर्षं परत हवी होती.

घरी आल्यावर मी गरम पोळ्या केल्या. त्यांनी एकच खाल्ली.