मालसुनच्या घरची सावड

किमची घालायचे दिवस आले की आमच्या गावात मालसुनशिवाय पान हलत नसे. थंडी कडक व्हायच्या आत घरोघरी ढीगभर कोबी रात्रभर खारवायचा, सकाळी धुऊन पानापानाला तिखट मसाला चोळायचा. हे एकटीदुकटीचं काम नव्हे, म्हणून सावड: आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. मालसुन सगळ्यांकडे सगळ्यांच्या आधी हजर. स्वतःची पाळी आली की मात्र म्हणायची, "माझा कोबी तो केवढासा! कधीच उरकला." अख्खं गाव तिच्या उपकाराखाली आणि ती कुणाच्याच नाही, हे तिचं लाडकं सुख होतं.

त्या वर्षी ऐन किमचीच्या आठवड्यात तिचा नवरा परसातल्या झाडावरून पडला आणि खुब्याचं हाड मोडून शहरातल्या दवाखान्यात दाखल झाला. मालसुनने गावाला सांगितलं, "मुलाकडे गेलेत, हवापालटाला." मुलाला, किचॉलला, फोनवर सांगितलं, "बाबा झोपलेत." हे मात्र अगदी खरं होतं, झोपलेलेच होते बिचारे. दवाखान्याच्या खेपा घालून वर तिने कोबीही दरवर्षीइतकाच खारवला. कमी केला असता तर कुणीतरी विचारपूस केली असती, आणि त्याहून मोठं संकट ते कोणतं?

सकाळी ती धुवायला टबावर वाकली आणि कंबर धरली. उठता येईना, बसता येईना. खारवलेला कोबी कुणाच्या कमरेसाठी थांबत नाही. आणखी थोडा वेळ गेला असता, तर हिवाळाभराची किमची उकिरड्यावर.

कुंपणापलीकडून शेजारची गुमजा चालली होती.

"किचॉलची आई, जेवलीस का गं?"

"जेवले की!"

"सगळं ठीक ना?"

"उत्तम!" टबाला कवटाळून ओणवी उभी असलेली मालसुन म्हणाली. सुंभ जळेल, पण पीळ जाईल तर शपथ.

गुमजा पुढे निघाली. तिची पावलं लांब जाऊ लागली तशी मालसुन घाबरली.

"ताई! जरा... मीठ आहे का?"

गुमजा आत आली. तिने टबात मिठाच्या पाण्यात बुडालेला कोबी पाहिला. "अजून मीठ? किमची घालतेयस की मुडदा टिकवतेयस?"

"मीठ नको," मालसुन टबात बघतच बोलली. "मला जमत नाहीये गं. मदत कर." एवढं बोलायला तिला बाळंतपणाहून जास्त कळा आल्या.

घटकाभरात लाल रबरी हातमोजे चढवून चौघीजणी हजर झाल्या. "इतकी वर्षं आम्हाला ऋणात ठेवलंस," एकजण फणकारली. "चांगुलपणाचा मक्ता काय तुझ्या एकटीकडे?"

मालसुनला उशी देऊन ओट्यावर बसवलं. तिथून ती लगेच म्हणाली, "तिखट कमी पडतंय." गुमजाने उकडलेल्या डुकराच्या मांसाचा तुकडा मसाला चोळलेल्या कोबीच्या पानात गुंडाळून तिच्या तोंडात कोंबला. "आज तू घेणारी. घेणारीने खायचं, नावं ठेवायची नाहीत."

मालसुनने घास गिळला. मग ती खाली बघत म्हणाली, "किचॉलचे बाबा मुलाकडे नाहीत. दवाखान्यात आहेत. उद्या ऑपरेशन आहे. बाहेर एकटीने बसायची मला भीती वाटते. कुणी येईल का सोबत?"

गुमजाने मोजे काढले.

"येईन की. पण आधी परत एकदा विचार. हे ऐकायला फार वर्षं वाट पाहिली आम्ही."

मालसुनने परत विचारलं. या खेपेला वाक्य पुरं झालं नाही, आणि कुणी हसलंही नाही.