त्या ओळीतला सिंह

उपवासकाळ सुरू झाला होता. एका रविवारी मिस्सा संपल्यावर फादरांनी मला देवळाच्या पायरीवर थांबवलं. म्हणाले, "येत्या शुक्रवारांपैकी एखाद्या शुक्रवारी, क्रूसाच्या वाटेच्या प्रार्थनेआधी, तू बोल. जुन्या करारातलं ते दुःखिताचं स्तोत्र घे. त्यात ख्रिस्त कसा दिसतो ते लोकांना सांग. तू मराठी शिकवतेस, कविता तुला कळते."

मी लगेच हो म्हटलं. ते स्तोत्र मला लहानपणापासून जवळजवळ पाठ होतं. देवाने टाकून दिलेला एक माणूस त्यात बोलतो. लोक त्याच्याकडे बघून माना हलवतात, त्याच्या कपड्यांसाठी चिठ्ठ्या टाकतात, त्याची जीभ टाळूला चिकटते, हाडं मोजता येतात. आणि त्याचे हातपाय टोचलेले आहेत. हिब्रू कवीने ख्रिस्ताच्या कितीतरी शतकं आधी हे लिहिलं आणि पुढे ख्रिस्ताला क्रूसावर दिलं त्या गुलगुथा टेकडीवर ते तसंच्या तसं घडलं, असं आम्हाला धर्मशिक्षणात शिकवलं होतं. मला त्यात कधी शंका आली नव्हती. टिपण काढायला मला एक संध्याकाळ पुरली.

एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण ती हातपायांची ओळ मूळ भाषेत एकदा कानावर पडावी असं मला वाटलं.

आमच्या घरामागे पूर्वी केळीची वाडी होती. काकांनी ती विकली आणि तिथे इमारत उभी राहिली. तिच्या पहिल्या मजल्यावर एक मावशी राहतात. वय सत्तरीच्या पुढचं, एकट्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा इस्राएलला असतो. त्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या यहुदी, मूळच्या अलिबागकडच्या. कोकणात त्यांच्या लोकांना शनवार तेली म्हणत, कारण ते तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. मावशींचं मराठी माझ्यापेक्षा साफ आहे. आमच्या घरी बोलीच चालते, त्यामुळे वर्गात अजूनही माझी जीभ अधूनमधून घसरते. मावशींची कधी घसरत नाही. मी पाचूबंदरला मासळी घ्यायला गेले की त्यांच्यासाठीही आणते. फक्त खवल्यांची, त्यांच्या धर्मात तेवढीच चालते. एकदा कोळंबी नेली होती, तेव्हा त्यांनी हसून परत पाठवली होती.

त्यांच्याकडे वडिलांच्या वेळचं एक पुस्तक आहे. एका पानावर हिब्रू, समोरच्या पानावर मराठी. त्यांनी चष्मा लावला आणि बोट ठेवत वाचायला सुरुवात केली. मला शब्द कळत नव्हते, पण समोरच्या मराठीवरून कुठे आलो ते कळत होतं. ती ओळ आली. मी मराठीकडे बघितलं आणि गोंधळले.

"मावशी, इथे टोचले असं हवं ना?"

"कुठे?"

"हातपाय."

त्यांनी बोट मागे नेलं. "काअरी. सिंहासारखे. दुर्जनांनी मला घेरलंय, सिंहासारखे, माझे हात आणि माझे पाय. टोचल्याचं इथे काही नाही."

"आमच्यात टोचले आहे."

"असेल. आमच्यात सिंह आहे." त्यांनी पान माझ्याकडे सरकवलं. "हे शेवटचं अक्षर बघ. हे योद, आखूड. हीच रेघ खाली ओढलीस तर वाव होतो. मग शब्द बदलतो. माझे वडील म्हणायचे, या एका रेघेवरून दोन हजार वर्षं भांडण आहे."

त्यांनी हे अगदी सहज सांगितलं आणि चहा ठेवायला उठल्या. मी त्या रेघेकडे बघत बसले.

घरी येऊन मी जमेल तेवढं वाचून काढलं. मावशींचं म्हणणं खरं होतं. जुन्या ग्रीक भाषांतरात हातपाय खणल्याची, भोसकल्याची भाषा होती. काही थोड्या हिब्रू प्रतींत तो लांब वाव होता. पण पिढ्यान्‌पिढ्या नकलून आलेल्या पाठात सिंहच होता. आणि त्या सिंहाच्या ओळीला धड क्रियापदही नव्हतं. सिंह हातापायांचं काय करतो, ते कवीने सांगितलंच नव्हतं. माझं सगळं टिपण ज्या ओळीवर उभं होतं, ती ओळ अशी अर्धवट लोंबकळत होती.

नवरा म्हणाला, "मग ती ओळ सोडून दे. बाकीचं आहे ना?" बँकेत वसुलीची कामं करणाऱ्या माणसाचा हा सरळ उपाय होता. पण एकदा कळल्यावर सोडून कशी देणार? वगळली तर लपवल्यासारखं, आणि सांगितली तर...

मी फादरांकडे गेले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. त्यांना हे आधीच ठाऊक होतं, आणि याचंच मला जास्त वाईट वाटलं.

"सेमिनरीत आम्हाला हे शिकवतात," ते म्हणाले. "पण शुक्रवारी म्हातारी माणसं येतात. दिवसभर उपास करून येतात. त्यांच्यासमोर हे काढू नकोस."

"कुणी विचारलं तर?"

"कोण विचारणार आहे?"

विचारणारं माणूस मला चांगलं माहीत होतं. कारण मधल्या काळात मावशी म्हणाल्या होत्या, "मी येऊ का गं तुझं ऐकायला? मागे कुठेतरी बसेन."

मी या म्हटलं. पण त्या दिवसापासून टिपण हातात घेतलं की ते मला मावशींच्या कानांनी ऐकू यायला लागलं. कवितेत कष्टी माणसाची टिंगल करणारे लोक आहेत. मी लिहिलं होतं, 'हे टिंगल करणारे म्हणजे यहुदी.' लहानपणापासून ऐकलेलं वाक्य, लिहिताना हातही अडखळला नव्हता. आता मागच्या बाकावर पांढऱ्या साडीतल्या मावशी बसल्या आहेत असं डोळ्यांसमोर आलं की ते वाक्य वाचवत नव्हतं. त्यांच्याच बापजाद्यांनी अक्षर अक्षर जपून ठेवलेली कविता, आणि मी त्यांच्यासमोर उभी राहून त्यांनाच त्यातले खलनायक करणार. मी ते वाक्य खोडलं. मग वाटलं, मी भिडेपोटी खोडलं का? खरं असेल तर खोडायला नको होतं. खरं नसेल तर इतकी वर्षं मी ते कसं मानलं? वर्गात शिकवताना मध्येच थांबायला लागले. मुलं बघत राहायची.

त्यातच मावशींच्या छातीत दुखायला लागलं. आधी त्यांनी पित्त म्हणून अंगावर काढलं. मग एक दिवस जिना चढताना मधेच बसल्या. पूर्वेला हायवेजवळच्या इस्पितळात तपासणी झाली आणि डॉक्टरांनी बायपास करावी लागेल असं सांगितलं. लगेच. मुलाने येण्याची खूप धडपड केली. पण तिकडे लढाईमुळे विमानं बंद होती. तो फोनवर रडवेल्या आवाजात म्हणाला, "ताई, तुम्ही आहात ना?" मी आहे म्हटलं.

ऑपरेशनला सकाळची वेळ मिळाली ती नेमकी माझ्या शुक्रवारची.

आदल्या दिवशी मावशींनी ते पुस्तक माझ्या हातात दिलं. "आमच्यात आजारी माणसासाठी स्तोत्रं वाचतात. मुलगा असता तर त्याने वाचली असती. तू ते तुझं स्तोत्र वाच. मला आत नेल्यावर, बाहेर बसून."

"मला हिब्रू येत नाही, मावशी. अक्षरं कशीबशी लावते."

"येईल तेवढं वाच."

"आणि उद्या शुक्रवार. तुमचा शब्बाथ लागेल. त्याचा दिवा मी लावू का संध्याकाळी?"

त्यांनी मान हलवली. "तो तू लावून नाही चालायचा. राहू दे या खेपेला." मला जरा लागलं. दिवा चालत नाही, मग स्तोत्र कसं चालतं, हे मी विचारलं नाही.

सकाळी त्यांना स्ट्रेचरवरून आत नेलं. बाहेर निळ्या प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, टीव्हीवर आवाज बंद करून बातम्या चालू होत्या. मी पुस्तक उघडलं. उजवीकडून डावीकडे एकेक अक्षर जुळवत जायचं, मध्येच चुकायचं, परत मागे यायचं. मनात सारखं एकच: ती ओळ आली की मी काय म्हणणार? पुस्तक त्यांचं, तोंड माझं. मनातल्या मनात वाव धरला तर कुणाला कळणार होतं? पण आत मावशींची छाती उघडलेली होती आणि त्यांनी विश्वासाने पुस्तक माझ्याकडे दिलं होतं.

फोन वाजला. मुलगा होता. "काही कळलं?"

"अजून नाही. मी वाचतेय."

"कुठपर्यंत आलात?"

मी सांगितलं. तो म्हणाला, "मला ऐकू द्या." मी फोन समोर धरून वाचायला लागले. तो उच्चार दुरुस्त करत होता. "ख नाही ताई, जरा घशातून." मग थोड्या वेळाने तोही बरोबर म्हणू लागला. हृदय मेणासारखं वितळल्याची ओळ आली तेव्हा त्याचा आवाज बंद पडला. मी एकटीच पुढे गेले. हातापायांच्या ओळीला मी थांबले, आणि जे छापलं होतं ते वाचलं. काअरी. माझ्या तोंडून सिंह गेला आणि छत कोसळलं नाही. पण धीरही आला नाही. इतकी वर्षं त्या जागी मला जे दिसत होतं, ते मी कुणाला तरी देऊन टाकल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात दार उघडून एक तरुण डॉक्टर आल्या. "रक्तस्राव थोडा जास्त आहे. वेळ लागेल. तुम्ही कोण त्यांच्या?"

"शेजारी," मी म्हटलं. त्यांनी आणखी काही सांगितलं नाही. मुलाने फोनवर सगळं ऐकलं होतं. "परत पहिल्यापासून वाचूया," तो म्हणाला.

त्या दुसऱ्या वाचनात मला एक गोष्ट सुचली, ती आधी कुठल्याच टिपणात नव्हती. क्रूसावर ख्रिस्ताने याच कवितेची पहिली ओळ, 'माझ्या देवा, तू मला का सोडलंस', तोंडात घेतली, हे मला माहीत होतं. मी ते नेहमी भविष्य खरं झाल्याची खूण म्हणून सांगायचे. पण त्याला ती पाठ कशी होती? आपल्या यहुदी घरात ऐकून. फोनवरच्या या मुलासारखं. दुखण्याला शब्द सापडेनात तेव्हा त्याने आपल्या माणसांची जुनी कविता धरली. त्या ओळीत सिंह असो की खिळे, तो त्या कवितेत होताच. हे मला पटलं की फक्त त्या वेळी आधार हवा होता म्हणून सुचलं, हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

दुपार कलल्यावर मावशींना आयसीयूत हलवलं. शुद्धीवर नव्हत्या. काचेतून नळ्या आणि पांढरी चादर दिसली. डॉक्टर म्हणाल्या, "रात्र काढली पाहिजे." त्यांना तसं सोडून मी रिक्षाने देवळात गेले. पुलावर गाड्या अडकल्या होत्या. मी साडीसुद्धा बदलली नव्हती.

देऊळ भरलं होतं. फादर पहिल्या बाकावर होते. मी टिपण काढलं आणि ठेवून दिलं. त्या माणसाचं दुःख सांगितलं, चिठ्ठ्या सांगितल्या, माना हलवणारे लोक सांगितले. ते कोण, हे कवीने सांगितलेलं नाही, एवढंच म्हटलं. मग त्या ओळीबद्दल बोलले. आपण टोचले म्हणतो, मूळ पाठात बहुतेक ठिकाणी सिंह आहे, फरक एका रेघेचा आहे. फादरांनी खाली बघितलं. खोकल्यांचे आवाज थांबले. ख्रिस्ताने आपल्या घरातली कविता मरताना आठवली, हेही मी सांगितलं. पण ते किती पोचलं, देव जाणे.

शेवटी आमच्याच आळीतले एक म्हातारे गृहस्थ उभे राहिले. "म्हणजे खिळे नव्हते?"

"खिळे होते, बाबा. ते शुभवर्तमानात आहेत. या कवितेत आहेत की नाही, ते मला माहीत नाही."

"मग आम्ही इतकी वर्षं काय म्हणत आलो?"

फादर उठले आणि क्रूसाची वाट सुरू झाली. नंतर ते मला एवढंच म्हणाले, "तुला सांगितलं होतं." रागावले नव्हते, थकल्यासारखे वाटले. पुढच्या वर्षी त्यांनी बोलायला दुसऱ्या कुणाला तरी सांगितलं. ते म्हातारे बाबा मात्र कित्येक दिवस मला बघितलं की मान वळवायचे.

मावशींनी ती रात्र काढली. शुद्धीवर यायला वेळ लागला, जखम चिघळली, आणखी काही दिवस जीव टांगणीला होता. घरी आल्या तेव्हा निम्म्या झाल्या होत्या. मुलगा उन्हाळ्यात येऊन, महिनाभर राहून गेला. तो गेल्यावर एका दुपारी मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसले होते. त्या बिनमिठाच्या भाताला नावं ठेवत होत्या. मध्येच म्हणाल्या, "तू देवळात काय बोललीस ते मला कळलं. तू मुलाला सांगितलंस ना, त्याने सांगितलं."

"तुम्हाला काय वाटलं?"

"तुला त्यात तो दिसतो?"

"हो. अजून दिसतो."

"मला नाही दिसत गं. मला माझे यजमान दिसतात, शेवटच्या दुखण्यातले. हाडं मोजून घ्यावीत असे झाले होते." त्यांनी ताट सरकवलं. "तू मात्र सिंह वाचलास. मुलगा म्हणाला, अडखळलीस, पण वाचलास."

मी ताटं उचलून मोरीत ठेवली. त्यांना बसून भांडी घासता येत नव्हती आणि मला ती घासू देणं त्यांना आवडत नव्हतं. त्यावरून आमचा थोडा वाद झाला, आणि शेवटी मी घासली.