सुहासचं फिरतं ग्लिसरिन

वालीवच्या माझ्या गाळ्यात लेथ चालू होता तेव्हा नीलिमावहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे गेले," एवढंच म्हणाल्या. सकाळचा चहा घेता घेता सुहास कोसळला होता. मला खरंच वाटेना... आदल्या दिवशीच त्याचे तीन फोन येऊन गेले होते आणि मी एकही उचलला नव्हता.

सुहास माझा शाळेपासूनचा मित्र. कॉलेजात फिजिक्स शिकवायचा आणि आगाशीच्या घरी मागच्या खोलीत प्रयोग करत बसायचा. काचेच्या नळीत घट्ट ग्लिसरिन, प्रवाह दिसावा म्हणून त्यात थोडी चमकी, मधोमध माझ्याकडून कातून नेलेला, मोटरवर फिरणारा शाफ्ट. ग्लिसरिनमध्ये चिमूटभर पॉलिमर विरघळवलं की अगदी सावकाश फिरवूनही प्रवाह शांत राहत नाही. पॉलिमरच्या लांब साखळ्या ताणल्या जातात आणि सगळं ढवळून काढतात, असं त्याने वाचलं होतं. ते त्याला स्वतः पाहायचं होतं. पाहायला मिळालं तेव्हा मात्र या पठ्ठ्याचा विश्वास बसेना. नळीत बांगड्या रचल्यासारखे एकावर एक पट्टे उमटले, आणि त्याने खापर फोडलं माझ्या शाफ्टवर: शाफ्ट वाकडा, म्हणूनच पट्टे पडतात. मी नवा करून दिला. तोही परत घेऊन आला आणि कामगारांसमोर म्हणाला, "यातही वाक आहे." चाळीस वर्षं लेथवर उभ्या असलेल्या माणसाला हे ऐकवतो! मी त्याला गाळ्याबाहेर काढलं. शाफ्ट तसाच त्याच्या हातात कोंबला, वाक मोजायचं डायल लावून तपासलासुद्धा नाही. खरं सांगतो, वाक निघाला तर काय, अशी धास्ती मलाच होती. दोन महिने आम्ही बोललो नाही.

तेराव्यानंतर वहिनींनी घरी बोलावलं. म्हणाल्या, शेवटी शेवटी ते पॉलिमर न घालता नुसतं ग्लिसरिन फिरवून बघत होते. शाफ्ट तोच, वेग तोच, आणि एकही पट्टा नाही. म्हणजे माझ्या कामात खोट नव्हती. तेच सांगायला तो फोन करत होता.

"मी उचलला नाही, वहिनी."

"माहीत आहे. म्हणाले, उद्या चहा झाला की गाळ्यावरच जातो."

मी मागच्या खोलीत गेलो. नळीत त्याने करून ठेवलेलं पॉलिमरचं मिश्रण भरलं आणि मोटरचं बटण दाबलं. हळूहळू पट्टे उमटले. बटण बंद केलं, शाफ्ट थांबला, आणि चमकी किंचित उलटी मागे फिरली... हे असं का झालं, म्हणून विचारायला मी वळलो, तर खोलीत सुहास नव्हता.